गोरीपासून डावीकडे

चैत्र संपायच्या आत ठेकेदारानं जुन्या गाडीवाटेवर फुटक्या दगडाचे ढीग ओतले, पुढं काटेरी तार ओढली, आणि ग्वाल्हेरजवळच्या खेरा गावच्या पोरांची आयांकडं जायची वाट एका दुपारीत बंद झाली. तारेपलीकडं नवी खदान उघडायची होती. गायरान ठेकेदाराकडं कधी गेलं हे विचारायला चार माणसं पंचायतीत गेली, तेव्हा त्यांना एक नकाशा दाखवण्यात आला. नकाशात वाट नव्हतीच. जी वाट नाही ती बंद कशी होईल, असं सचिव म्हणाला आणि त्यानं पंखा आपल्याकडं वळवून घेतला.

मोठ्यांचं फारसं अडलं नाही. अडलं ते लहानांचं. अंगणवाडी जुन्या गावात, आणि खदानी पठाराच्या दुसऱ्या अंगाला. मध्ये मैलभर खडक. सहरिया आदिवासींच्या बायका दिवस उगवताना पोरं अंगणवाडीच्या ओट्यावर सोडायच्या आणि गिट्टी फोडायला जायच्या. बारा वाजता खिचडी खाऊन पोरं एकमेकांच्या सदऱ्याला धरून गाडीवाटेनं आयांकडं जायची. वाट सरळ होती. दारात उभं राहिलं की शेवटचं पोर आईपर्यंत पोचलेलं दिसायचं. आता तारेला वळसा घालून, जुन्या सोडून दिलेल्या खड्ड्यांच्या मधून जावं लागे, आणि पन्नास पावलांवर पोर दिसेनासं होई.

विजयाबाई बावीस वर्षं ही अंगणवाडी चालवत होती. पहिल्याच आठवड्यात साडेतीन वर्षांचा एक पोरगा खड्ड्यांमध्ये चुकला. दिवस मावळायला आला तेव्हा एका बकऱ्यावाल्याला सापडला. तापल्या दगडावर अनवाणी फिरून त्याच्या तळव्यांची साल मोज्यासारखी निघून आली होती. विजयाबाईनं ती कात्रीनं कापली, हळद आणि तेल लावलं. पोरगा रडला नाही. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

मग ती स्वतः पोरांना सोडायला जाऊ लागली. जायला यायला दीड तास, डोक्यावर वैशाखाचं ऊन, गुडघ्यात कळा. दहाव्या दिवशी वरून निरोप आला, की केंद्र वाऱ्यावर सोडून कार्यकर्तीनं बाहेर जाऊ नये, फोटो काढून हजेरी पाठवावी. मदतनीस बाई तर सरळ म्हणाली, "मला त्या पठारावर पाठवू नका. माझ्या नोकरीत ते नाही."

संध्याकाळी विजयाबाई भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणाली, "अहो, पोरांनाच वाट शिकवली तर?"

तुकोजी दारातल्या बाजेवर उशांना टेकून बसला होता. अठ्ठावीस वर्षं त्यानं खदानीत ड्रिल धरलं होतं. आता छातीत दगडाची पिठी बसली होती. दोन वेळा क्षयाची औषधं देऊन झाल्यावर ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हे क्षयाचं नाही, आणि ह्याला औषधही नाही. त्याचे पूर्वज घोड्यावर बसून दक्खनेतून इकडं आले होते, असं तो कधीमधी सांगायचा. स्वतः त्याला आता ओट्यावरून मोरीपर्यंत जायला दोनदा थांबावं लागे.

"किती वर्षांची पोरं?" त्यानं विचारलं.

"चार. पाच. एकदोन सहाची."

तो बराच वेळ दम घेत राहिला. मग म्हणाला, "शिकतील. मोठी माणसं शिकत नाहीत. त्यांना वाटतं, आपल्याला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी विजयाबाईनं अंगणवाडीच्या जमिनीवर पाण्याचा पेला ठेवला आणि पोरांना म्हणाली, "छप्पर पर चिड़िया बैठी है. उसको गिलास कैसा दिखेगा? बनाओ."

सगळ्यांनी उभा पेला काढला. गिट्टी फोडणाऱ्या गेंदाची पोरगी रामसखी मात्र खडू हातात धरून विचार करत राहिली. पाच वर्षांची. केस उन्हानं आणि कमी खाण्यानं तांबूस झालेले. वजनकाट्यावर ती तेरा किलोच्या पुढं कधी गेली नव्हती. ती उठली, गव्हाच्या पोत्यावर चढली, वाकून पेल्याकडं पाहिलं, खाली उतरली आणि एक गोल काढला.

"बस, इत्तो," ती म्हणाली.

विजयाबाईनं तिला जवळ घेतलं नाही, शाबासकीही दिली नाही. नुसती त्या गोलाकडं बघत राहिली. तिला स्वतःला हे प्रशिक्षणाच्या शिबिरात दोन दिवस समजलं नव्हतं.

त्यानंतर खेळांना जोर आला. जुन्या लुगड्याच्या काठाचे तांबडे दोरे काढून सगळ्यांच्या उजव्या मनगटाला बांधले. "लाल हाथ दीवार को!" म्हटलं की उजवा हात भिंतीला. आधी खोलीचा नकाशा खडूनं काढायचा, त्यावर खडा ठेवायचा, आणि खडा जिथं असेल तिथं खोलीत लपवलेला बत्तासा शोधायचा. मग अंगणाचा. मग गल्लीचा. पोरं चुकायची, भांडायची, पुन्हा धावायची.

पठार तुकोजीनं केलं. अंगणात कडुनिंबाखाली कुशीवर पडून, छिन्नीनं दगडाच्या कपच्या तासून. चढाला कपच्या, उताराला माती, खड्ड्याला वाट्या. अंगणवाडी म्हणजे काड्यापेटी, क्रशर म्हणजे उभा पाटा. पठाराच्या मधोमध एक कांडोळाचं झाड होतं, पांढऱ्या सालीचं, उन्हाळ्यात एक पान नसलेलं, लांबून उघड्या अंगाच्या माणसासारखं दिसणारं. मोठी माणसं त्याला भुताचं झाड म्हणत. पोरांनी भिऊ नये म्हणून विजयाबाईनं त्याचं नाव गोरी ठेवलं. तुकोजीनं तिथं खडूची कांडी रोवली.

"निघालात. क्रशर कुठं?" तो विचारायचा. तीन शब्दांनंतर त्याला श्वास घ्यावा लागे, आणि पोरं तेवढं थांबायला शिकली होती.

"लाल हाथ को!"

"मग?"

"सीधे गोरी तक!"

"गोरीपासून?"

"बाएँ!" सगळे बिनदोऱ्याचा हात वर करायचे.

"आणि जमीन खेळासारखी दिसली नाही तर?"

"बैठ जाओ!"

"कुठं?"

"छाँव में!"

"मग?"

मग सगळी पोरं दोन दोन दगड उचलायची आणि ठोकायची. तीन ठोके, एक श्वास. पुन्हा तीन ठोके. हा नियम तुकोजीचा. सुरुंगाच्या वेळी दरडीखाली सापडलेली माणसं असंच ठोकतात, असं त्यानं पोरांना सांगितलं नव्हतं.

विजयाबाई चार दिवस पोरांच्या पुढं चालली, चार दिवस मागं, मग चार दिवस लांबून, पदर तोंडावर घेऊन. बाराव्या दिवशी पोरं तिच्याशिवाय गेली. पलीकडून गेंदानं ओढणी हलवली, तेव्हा ती दारात बसून घटाघटा पाणी प्यायली.

वैशाखाच्या अखेरीस सुपरवायझर सुधाताई जीपमधून आल्या. ग्वाल्हेरच्या थाटीपुरात राहणाऱ्या, स्वच्छ मराठी बोलणाऱ्या. खडूचे नकाशे त्यांनी पाहिले, पोरांकडून बत्तासा शोधून घेतला आणि खरोखर हरखल्या.

"विजयाबाई, अहो हे फारच छान आहे. एवढ्या लहान मुलांना दिशा कळतात! मंगळवारी शहरात बैठक आहे, मोठे अधिकारी येणार. तुम्ही हे मांडायचं."

"मंगळवारी इथं कोण बघणार, ताई?"

"मदतनीस आहे ना. आणि हो, ते दगडबिगड आणू नका तिथं. थर्माकोलवर करा, नीट रंगवून."

सून गरिमा ग्वाल्हेरच्या नई सडकेवर वाढलेली, हातानं चपळ. शिलाईचं काम बाजूला ठेवून तिनं दोन दिवसांत थर्माकोलचं पठार केलं. हिरवा रंग, निळे खड्डे, कापसाची गोरी. तुकोजीनं ते बोटांनी चाचपून पाहिलं.

"ह्यात चढ कुठाय?" तो म्हणाला.

"बाबा, दाखवायलाच तर आहे," गरिमा म्हणाली.

मंगळवारी विजयाबाई सकाळच्या बसनं ग्वाल्हेरला गेली. निघताना मदतनिशीला दोनदा बजावलं, "आज तू सोडून ये. अर्ध्यापर्यंत तरी." मदतनिशीनं मान हलवली.

बैठकीच्या खोलीत कूलर होता आणि त्याच्यासमोरच्या खुर्च्या आधीच भरल्या होत्या. विजयाबाई मांडीवर थर्माकोल घेऊन मागं बसली. दहाचं बोलावणं, नंबर लागला पाऊण वाजता. तिला पाच मिनिटं दिली. ती हिंदीत बोलली, सुरुवातीला अडखळली, मग पेल्याचा गोल सांगताना सावरली. मधल्या खुर्चीतला अधिकारी फोनवर काहीतरी टाइप करत होता. तिचं संपल्यावर त्यानं वर पाहून विचारलं, "यह मॉडल आपने बाज़ार से लिया?" नाही म्हटल्यावर टाळ्या वाजल्या. पुरीभाजीचं पाकीट मिळालं. त्यातला लाडू तिनं तुकोजीसाठी रुमालात बांधला. थर्माकोल तिथंच ठेवून घेतलं, भिंतीवर लावायला.

साडेतीनला ती खेऱ्याच्या फाट्यावर उतरली. उन्हाची लू अजून वाहत होती. अंगणवाडीच्या दाराशी गेंदा उभी होती, हातात हातोडी तशीच, चेहरा पिठीनं पांढरा.

"बाई, मेरी मोड़ी, मेरी रामसखी, कहाँ है?"

"तुझ्याकडं आली नाही?"

"बाक़ी सब आ गए. मैं समझी, इतै सो रही होगी."

दाराला कुलूप होतं. मदतनीस तिच्या घरी सापडली. भावजयीकडचे पाहुणे आले म्हणून तिनं अकरालाच केंद्र बंद केलं होतं. पोरांना सांगितलं, जा, तुम्हाला तर वाट येते. रामसखीला बारीक ताप होता, ती कोपऱ्यात झोपली होती. कुलूप लावताना मदतनिशीचं लक्ष गेलं, तिनं तिला उठवलं आणि मागून एकटीला पाठवलं.

"तिला तर सगळ्यांत चांगलं येतं न, बाई," मदतनीस म्हणाली. "तुम्हीच म्हणता."

बाकीची पोरं पोचली कशी, ते त्या पोरांनीच सांगितलं. चालता चालता गोरी आलीच नाही. भांडण झालं. मग सहा वर्षांची पोरगी म्हणाली, जमीन खेळासारखी नाही, बसा. सगळी बसली आणि ठोकत राहिली. जळण वेचणाऱ्या एका म्हातारीनं दहा पोरं एका रांगेत दगड वाजवत बसलेली पाहिली आणि शिव्या देत खदानीवर नेऊन सोडली.

"गोरी आलीच नाही म्हणजे?" विजयाबाईनं विचारलं.

मुलगा हेमेंद्र तेवढ्यात मोटरसायकलवरून आला होता. ठेकेदाराचं पोकलेन तो चालवत असे. गाडी बंद न करताच तो तसाच बसून राहिला.

"झाड काढलं, आई. सकाळी. डंपरला वळायला जागा नव्हती. मुन्शीनं सांगितलं."

"कुणी काढलं?"

"मीच होतो न मशीनवर." त्यानं तोंडावरचा गमछा खाली ओढला. "माझ्या ध्यानात आलं होतं. खरंच आलं होतं. म्हटलं दुपारी जेवायला गेलो की आईला सांगू. मग आठवलं, तू शहरात."

विजयाबाईनं हातातला रुमाल ओट्यावर ठेवला आणि घराकडं चालू लागली, मागं गेंदा.

तुकोजी अंगणात पठाराशेजारी आडवा होता. बायकोनं सांगितलं ते त्यानं मधे न बोलता ऐकलं, आणि हात लांब करून खडूची कांडी उपटून टाकली.

"आता ती इथं," तो म्हणाला. काड्यापेटीपासून त्याचं बोट सावकाश निघालं. "क्रशर उजव्या हाताला. बरोबर. सरळ आली. गोरी नाही. ताप आहे डोक्यात. ती काय शोधेल? पांढरं." तो डोळे मिटून दम घेत राहिला. "सात नंबरच्या खड्ड्याच्या कडेवर दुसरं कांडोळ आहे. तिरपं. लांबून तसंच दिसतं. तिला वाटलं, आज गोरी लांब गेली. तिथपर्यंत गेली. तिथून डावीकडं."

बोट डावीकडं वळलं आणि वाट्यांच्या गर्दीत थांबलं. जुन्या खदानीचे पायऱ्यापायऱ्यांचे वीसेक खड्डे. माणसं गेली असती, तरी एकेक खड्डा बघेपर्यंत अंधार पडला असता.

"तिथं खेळासारखं काही नाही," तुकोजी म्हणाला. "म्हणजे बसली असेल. ठोकत असेल."

विजयाबाई उभी राहिली आणि तिनं कान दिला. पठारावरून ठोक्यांचा आवाज येत होता. दीडशे बायका गिट्टी फोडत होत्या, पन्नास माणसं छिन्नी मारत होती, वर क्रशर दळत होता. रोज येणारा तोच आवाज.

"मला न्या," तुकोजी म्हणाला. "मला ऐकू येईल. आधी सगळं बंद करा."

हेमेंद्रनं बापाला मोटरसायकलवर पुढ्यात घेतलं, ओल्या पंच्यानं त्याचं तोंड बांधलं. विजयाबाई आणि गेंदा पळत मागून आल्या. क्रशरखाली मुन्शी रमाकांत छत्री लावलेल्या टेबलाशी बसला होता.

"क्रशर बंद करायला मालकाला विचारावं लागेल," तो म्हणाला. "फोन लावतो, पण ते उचलत नाहीत ह्या वेळेला. तुम्ही शोधा की, मी कुठं नाही म्हणतो?"

"पोर मरेल, रमाकांतभाऊ," विजयाबाई म्हणाली.

"बाई, रोज कुणाचं न कुणाचं पोर हरवतं इथं. तुम्हीच पाठवता त्यांना."

हेमेंद्र त्याच्या बाजूनं शिडीवर चढला आणि मुख्य खटका खाली ओढला. रमाकांत खालून ओरडला, "हेमेंद्र, उद्यापासून येऊ नको!" क्रशरचा पट्टा दोनतीन झोके खाऊन थांबला. गेंदा खदानीच्या काठावर धावत होती, दोन्ही हात वर करून. "हाथ रोको! सब हाथ रोको! मोड़ी हिरा गई, खो गई!" एकेक हातोडी थांबत गेली. लांबची छिन्नी सगळ्यांत शेवटी थांबली.

पठार इतकं शांत विजयाबाईनं कधी ऐकलं नव्हतं. तापल्या पत्र्याचा कडकड आवाज, वारा, कुणाचंतरी अंगावरचं पोर चोखत होतं त्याचा आवाज.

तुकोजी एका शिळेवर बसला होता, एक हात वर केलेला. त्याला खोकला येत होता. विजयाबाईला तो येताना दिसत होता, आधी पोटात, मग बरगड्यांत. त्यानं तो दाबून धरला. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, डोळ्यांतून पाणी गळू लागलं, पण हात खाली आला नाही. मिनिट गेलं. दुसरं गेलं. रमाकांत घड्याळाकडं बघत होता.

ठक. ठक.

तिसरा ठोका आला नाही. तुकोजीचा वर केलेला हात वळला आणि एका दिशेवर थांबला. हेमेंद्र त्या हाताच्या रेषेत पळत सुटला, गेंदा मागून. तेव्हा खोकला सुटला. तुकोजी पुढं वाकून शिळेवरून घसरला, पंचा तांबडा झाला, आणि विजयाबाईला कुणाकडं धावावं हे क्षणभर कळलं नाही.

पोर दहाव्या पायरीवर सापडली, कपारीच्या वीतभर सावलीत. सावली सरकत गेली तशी तीही सरकत गेली होती, आणि शेवटी सरकायला जागा उरली नव्हती. ओठ फुटलेले, डोळे अर्धे उघडे, अंग तव्यासारखं. उजव्या हाताची तीन बोटं ठेचून काळी पडली होती.

ती जगली. ग्वाल्हेरच्या दवाखान्यात नऊ दिवस सलाइनवर राहिली, पहिले चार दिवस आईला ओळखत नव्हती. एका बोटाचं पेर कापावं लागलं. पाचव्या दिवशी विजयाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात गेंदाशेजारी बसली होती. तिला बोलायचं होतं. झाडाचं, मुलाचं, बैठकीचं.

"गेंदा, ते झाड माझ्याच हेमेंद्रनं..."

"मालूम है," गेंदा म्हणाली. "मैंने सुना था, बाई. दोपहर से सुन रही थी. ठक ठक ठक, फिर बंद. ठक ठक ठक, फिर बंद. मैंने सोची, कोई नई लुगाई लगी है काम पे, अभी हाथ नहीं जमा."

विजयाबाईनं पोरांना सगळं शिकवलं होतं. ठोके कशाचे, हे आयांना सांगायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

पेपरात चार ओळी आल्या. अंगणवाडीतून मूल बेपत्ता. आठवड्यानं सुधाताई घरी आल्या, चहाला नको म्हणाल्या. आतल्या खोलीत तुकोजी ऑक्सिजनच्या नळीवर होता, भाड्याच्या यंत्राची घरघर बाहेर ऐकू येत होती. त्या दिवसापासून तो बाजेवरून उठला नव्हता.

"चौकशी येतेय, विजयाबाई," सुधाताई खालच्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी टाइप केलेला कागद पुढं केला. "एवढ्यावर सही करून ठेवा. मूल त्या दिवशी केंद्रात आलंच नव्हतं. आणि असे काही खेळ केंद्रात घेतले जात नाहीत."

"बैठकीत तुम्हीच तर..."

"ते थर्माकोल आम्ही भिंतीवरून काढलंय." त्या जमिनीकडं बघत होत्या. "मी तुमच्या भल्याचं सांगतेय हो. माझंही आहेच त्यात, नाही म्हणत नाही."

त्या गेल्यावर गरिमा म्हणाली, "आई, सही करून टाका. ह्यांचं काम गेलंय. बाबांचं असं. कोण बघतंय कागदात काय लिहिलंय ते?"

पंचक्रोशीत एकाही क्रशरवर हेमेंद्रला उभं करत नव्हते. विजयाबाईनं कागद घडी करून उशीखाली ठेवला. सही केली नाही, फाडलाही नाही.

चौकशीचा साहेब ज्येष्ठात आला. अंगणवाडीत टेबल मांडलं. भिंतीवरचे, जमिनीवरचे खडूचे सगळे नकाशे मदतनिशीनं आदल्या दिवशी धुऊन काढले होते. गेंदाला बोलावलं, तिच्या लुगड्याला धरून रामसखी. हाताला पट्टी. दवाखान्यातून आल्यापासून ती आईचं लुगडं सोडत नव्हती.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं पोरीला गोळी दिली, आवाज मऊ केला. "बेटा, वो पत्थर बजाना, ठक-ठक, किसने सिखाया?"

रामसखीनं विजयाबाईकडं पाहिलं. विजयाबाई टेबलाच्या कडेला उभी होती, शेजारी सुधाताई. घडी केलेला कागद कनवटीला. पोर तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिली, खेळात पुढची खूण शोधताना बघायची तशी. विजयाबाईनं नजर खाली घातली.

"कोऊ ने नहीं," रामसखी म्हणाली.

साहेबानं लिहून घेतलं. सुधाताईंनी श्वास सोडलेला विजयाबाईला ऐकू आला. पाच वर्षांची पोर. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं बाईच्या तोंडावरून वाचलं होतं.

"मैंने सिखाया, साहब," विजयाबाई म्हणाली.

"विजयाबाई," सुधाताई म्हणाल्या.

"मीच शिकवलं, ताई. ती केंद्रात आली होती. हजेरीत तिचं नाव आहे." मग हिंदीत तिनं सगळं सांगितलं. वाट बंद झाली ते, पोराचे तळवे, नकाशा, झाड, कुलूप. सुधाताईंचं नाव घेतलं नाही. सांगताना तिला हलकं वाटत होतं, आणि त्याचीच लाजही वाटत होती.

साहेब लिहीत होता. तिनं पाऊण तास सांगितलं ते तीन ओळींत मावलं. त्यानं कागद वळवून पुढं केला. तिनं वाचलं. 'कार्यकर्ता ने स्वीकार किया कि तीन से छह वर्ष के बच्चों को खदान की ओर जाने का रास्ता उसी ने सिखाया तथा घटना के दिन वह केंद्र पर उपस्थित नहीं थी.'

तिनं दोनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता.

"साहेब, ह्यात वाट बंद झाल्याचं नाही."

"वह राजस्व विभाग का विषय है."

"झाडाचं?"

"वह खनिज का. बाई जी, जितना हमारा है, उतना ही तो लिखेंगे."

तिनं सही केली. कनवटीचा कागद काढून सुधाताईंच्या हातात परत दिला. त्यांनी तो पर्समध्ये ठेवला आणि डोळे पुसले.

घरी तुकोजीनं भुवया उंचावून विचारलं. नळी असल्यानं तो आता तेवढंच विचारी.

"लिहून दिलं," ती म्हणाली. त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता आणि त्याला वजन नव्हतं.

केंद्राची किल्ली चार दिवसांनी काढून घेतली. नवी कार्यकर्ती नेमेपर्यंत कुलूप. मदतनीस मात्र नोकरीत तशीच राहिली. आषाढ लागला तरी आभाळात काही नव्हतं. गरिमाला शहरातल्या पाटणकर बाजारातून शिलाईचं काम येई, ते यंत्राच्या भाड्याला पुरत नव्हतं. एका सकाळी विजयाबाईनं जुनं लुगडं नेसलं, भाकरी बांधली आणि खदानीवर गेली. रमाकांतनं तिच्याकडं न बघता हातोडी दिली.

गेंदानं आपल्याशेजारी जागा केली. "ऐसे," म्हणाली. रबराच्या कड्यात दगड कसा धरायचा, बोटं कुठं ठेवायची, डोळे कधी मिटायचे, हे तिनं दाखवलं. विजयाबाई नीट लक्ष देऊन शिकली. नऊ वाजेपर्यंत तळहातावर पाणी भरलेले फोड आले.

पाणी प्यायला उठली तेव्हा तिला पोरं दिसली. फाटक्या ताडपत्रीच्या सावलीत अकरा पोरं ओळीनं बसली होती. तिचीच सगळी. प्रत्येकाच्या पायाला धोतराच्या चिंध्यांची दोरी, आणि दोऱ्यांची दुसरी टोकं ड्रिलनं भोकं पाडलेल्या मोठ्या शिळेत ओवलेली. केंद्र बंद, आणि कुणी चुकू नये म्हणून आयांनी ठरवलेलं. दोरी अडीच हात. पोरांना उठता येत होतं, लघवीला ताडपत्रीच्या कडेपर्यंत जाता येत होतं.

रामसखी शेवटी होती. तिच्या पायाला दोरीचा वळ पडला होता. तिनं विजयाबाईला पाहून पाय पुढं केला, उशीर झाल्यावर घरी सोडायला आलेल्या माणसापुढं करावा तसा.

विजयाबाई खाली बसली. गाठ ओढून पाहिली. फोड फुटले आणि दोरी ओली झाली.

"खोलियो मत, बाई," मागून गेंदा म्हणाली. आवाजात राग नव्हता. हातोडी चालूच होती. "एक की खोलोगी तो सब रोएँगे."

विजयाबाईनं पोरीकडं पाहिलं. मग दोरीखाली बोट घातलं, जिथं वळ होता तिथून ती जराशी वर सरकवली, लुगड्याचा काठ टर्रकन फाडून घडी केली आणि कातडीला काचू नये म्हणून दोरीच्या आत नीट बसवली. दुसऱ्या पोराकडं वळली. मग तिसऱ्या. अकरा पाय झाले तेव्हा तिच्या लुगड्याला काठ उरला नव्हता, आणि रमाकांत टेबलावरून ओरडत होता, की नव्या बाईला कामाला बसायचंय की नाही.